दिवस बुडेपर्यंतच्या शिव्या

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, मी चपला हातात घेऊन बोरी नदीत उतरले. वाळू वरून तापलेली होती, पण पाय जरा रुतला की खालचा गारवा लागायचा. त्या गारव्याबरोबर तो जुना वास वर आला. ओल्या वाळूचा, शेवाळाचा, कडुनिंबाच्या मोहोराचा, आणि कुणाच्या तरी घरी खापरावर करपलेल्या पुरणाचा. मी धुळ्याला शाळेत मराठी शिकवते. पोरांना ‘तोंड सांभाळून बोला’ असं सांगायचा मला पगार मिळतो. आणि गंमत अशी की मी स्वतः शिव्या द्यायचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई आहे. याच वाळूत, माझ्या मायच्या हाताखाली.

खानदेशाबाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग जरा सरकून बसतो. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या झाडून साऱ्या माहेरी येतात. निंबाला झोके बांधलेले असतात, घरात लाकडाची गौराई मांडलेली असते आणि तिच्या डोक्यावर सांजोऱ्यांच्या माळा लोंबत असतात. दुसऱ्या दिवशी गौराई नदीवर न्यायची. अलीकडच्या काठावर आमचं गाव, पलीकडच्या काठावर त्यांचं, मध्ये उन्हाळ्यानं बारीक झालेली धार. गौराईला पाण्यात सोडण्याआधी दोन्ही काठांवरच्या पोरीबाया एकमेकींना शिव्या द्यायच्या. गाऊन, कंबरेवर हात ठेवून, घसा फुटेस्तोवर. वर्षभर सासूपुढे मान खाली घातलेल्या बाया त्या दिवशी अशा काही मोकळ्या व्हायच्या की गावातले पुरुष नदीकडे फिरकतसुद्धा नसत. ते गावात पत्ते खेळत बसायचे आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायचे.

माझी माय या कामात पटाईत होती. एरवी हळू बोलणारी बाई. दारात पाहुणा आला तरी आडून उत्तर देणार. पण वाळूत उतरली की पदर खोचायची आणि आम्हा पोरींच्या मागे येऊन उभी राहायची. पुढे कधीच यायची नाही. पुढे आम्ही, ओरडणार आम्ही. शब्द मात्र मागून यायचा, आमच्या कानात, तंबाखूच्या मिसरीच्या वासासकट.

पल्याडना जवाई,
मिशाले तूप लाई,
घरमा नही दाना,
मिरवाले जाई!

आम्ही ते उचलून पलीकडे फेकायचो. तिकडच्या पोरींच्या मागेही अशाच कुणाच्या आया, काक्या उभ्या असत. त्यांचंही उत्तर मागूनच यायचं. क्षणभर तिकडे कुजबुज चालायची आणि मग रांग एकदम उसळायची. ती कुजबुज चालू असताना आम्ही जशी वाट पाहायचो ना, तशी नंतर कुठल्याच निकालाची पाहिली नाही.

या शिव्यांना कायदे होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, मायनं सांगितले तेवढेच. कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही. ‘नाव खरं घेवानं नही,’ ती म्हणायची. शिवी सदा खोट्या नवऱ्याला, खोट्या जावयाला, नसलेल्या भावाला. आणि दुसरा कायदा, ‘खरं दुख शे, त्याले हात लावाना नही.’ पलीकडे एक पोर लंगडत यायची, एक बाई मूल नसलेली होती, एकीला नवऱ्यानं टाकलं होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. भांडण कितीही रंगलं तरी त्या गोष्टींकडे कुणाची जीभ वळत नसे. एकदा आमच्यातल्या एकीची वळली. पलीकडच्यांनी काही म्हणायच्या आत मायनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती पोर वाळूत बसली, आणि त्या वर्षी आमच्या काठानं हार कबूल केली.

तिसरा कायदा दिवसाचा. सूर्य पलीकडच्या बाभळींमागे गेला की तोंड धुवायचं. दोन्हीकडच्या बाया धारेशी येऊन चुळा भरायच्या आणि मग त्याच तोंडानं एकमेकींना हाका मारायच्या. काय गं, कधी आलीस, पोरगं केवढं झालं, सासू बरी आहे का. माळेतल्या सांजोऱ्या तोडून पाण्यापलीकडे दिल्या जायच्या. घडीभरापूर्वी ज्या बाईनं माझ्या होऊ घातलेल्या नवऱ्याला गाढवावर बसवलं होतं, ती माझ्या हनुवटीला हात लावून म्हणायची, ‘गोड गयानी पोर शे.’ गया म्हणजे गळा. त्या सांजोऱ्या धुळीनं माखलेल्या असायच्या, दाताखाली वाळू करकरायची, आणि तरी तसलं गोड मी पुन्हा खाल्लं नाही.

पुढे गावात टीव्ही आला. आमच्या गल्लीत एकच. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर आणि आया मागे भिंतीला टेकून, हातात निवडायचं काहीतरी घेऊन. माय टीव्हीलाही उत्तर द्यायची. पडद्यावरची बाई हुंदके द्यायला लागली की मागून आवाज यायचा, ‘हाई बाई खोटी शे. डोयामा पानी नही, तेल शे.’ आम्ही हसायचो, रडायचं राहून जायचं. जाहिरातीतली गोरी बाई आली की माय म्हणायची, तिला म्हणावं एक दिवस कापूस वेचायला ये. मला तेव्हा तिचा राग यायचा. धड काही पाहू देत नाही म्हणून. आता वर्गात फोन बघून तांबारलेले पोरांचे डोळे पाहते, तेव्हा वाटतं की त्या डोळ्यांच्या मागे भिंतीला टेकून कुणीच बसलेलं नाही.

माय गेली. मी धुळ्याला, धाकटा भाऊ नाना गावीच. त्याची बायको मंगल. मंगल मायच्या तालमीत तयार झालेली, सासू-सुनेचं बाकी कशात जमत नसे, पण नदीवर दोघी एक. आणि मंगलची पोर हर्षाली. मी तिची फुई, म्हणजे आत्या. नातीत आजीची जीभ जशीच्या तशी उतरली होती. शाळेत बुजरी, पाहुण्यांपुढे बुजरी. डाव्या कानाखाली तिला लहानपणापासून कोडाचा एक पांढरा डाग आहे. त्यावरून ती केस सोडून ठेवायची. वाळूत उतरली की मात्र केस वर बांधायची. तिथे तो डाग साऱ्या बायांनी पाहिला होता, पलीकडच्यांनीही, दर आखाजीला. त्यावर एक अक्षर कधी कुणी काढलं नव्हतं.

तिची बारावी झाली त्या, दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्या मैत्रिणीनं नदीवर तिचा व्हिडिओ काढला आणि फोनवरून जगाला दाखवला.

तुमना नवरदेव रुसना,
टोपलीमा बसना,
सासूनी लाडू दिन्हा,
तव्हय जाईसन हसना!

शेवटच्या ओळीला हर्षाली अशी काही मान उडवते की मला ती माझी मायच वाटली. मी धुळ्यात एकटीच बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मंगलचा फोन आला, ‘अक्का, आपली हर्षाली बठ्ठा जिल्हामा गाजी राहिनी!’ खरंच गाजत होती. एसटीत कंडक्टरनं तिला ओळखलं. सुरतेला गेलेल्या आमच्या माणसांनी फोन करून सांगितलं की पोरीनं गावाची आठवण करून दिली. आणि नाना दाढी रोज करायला लागला.

त्या व्हिडिओत एक गोष्ट नव्हती, आणि ती आम्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. त्यात पलीकडचा काठ नव्हता. फोनच्या चौकटीत एकटी हर्षाली होती, हातवारे करत ओरडणारी. तिला मिळालेलं उत्तर नव्हतं, धारेवरच्या चुळा नव्हत्या, सांजोऱ्या नव्हत्या. तो मग कुणीतरी उचलला, आणखी कापला, त्यावर भलतंच काही लिहिलं आणि पुढे ढकलला. जिथे आखाजी हा शब्दही पोचलेला नाही तिथल्या माणसांनी तो पाहिला. त्यांनी एक बेताल पोरगी पाहिली. आणि खाली लिहायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस मंगलनं ते हसण्यावारी नेलं. पोर रडवेली झाली तेव्हा तिनं तिला जवळ घेऊन सांगितलं, ‘आखाजीनी शिवी आंगले लागत नही, माय. दिन बुडना का सरी जास.’ हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं, माझ्या मायनं मला सांगितलेलं. आम्हा साऱ्यांना ते लागू पडलेलं.

पोर तरी गप्प गप्पच राहिली, तेव्हा मंगलनं दुसरं औषध काढलं. नदीवर जो काठ गप्प बसतो तो हरतो. उत्तर दिलंच पाहिजे. मग दुपारची कामं उरकून गल्लीतल्या बाया नानाच्या ओट्यावर जमायला लागल्या. कुणाच्या पुढ्यात तुरीची डाळ, कुणाच्या मांडीवर तान्हं. मधोमध हर्षाली फोन घेऊन, आणि तिच्या मागे मंगल. हर्षाली एकेक वाचायची. फार घाणेरडं असलं की ती नुसती गप्प व्हायची, मग बायांनी समजून घ्यायचं. आणि मागून शब्द यायचा. ‘लिख वं, लिख. फिरीसन दे!’ म्हणजे उलटून दे. मी एकदा सुट्टीत गेले होते तेव्हा हे पाहिलं. बाया खुदुखुदू हसत होत्या, एकीपेक्षा एक फक्कड जुळवत होत्या. खोट्या नवऱ्यावर, खोट्या जावयावर. खरं नाव नाही, खरं दुखणं नाही. सगळे कायदे पाळून. शिकल्यासवरल्या मलाही वाटलं, बरं झालं, पोर एकटी नाही.

एका उत्तराला तिकडून पन्नास यायची. बायांना त्याचंही आधी कौतुक वाटलं, पलीकडचा काठ भलताच मोठा दिसतोय म्हणून.

त्या दिवशी दिवेलागणीला हर्षालीनं मला विचारलं, ‘फुई, ह्या लोके कधी थांबतस?’ मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून मंगल म्हणाली, ‘थांबतीन. आते दिन बुडना.’ बाहेर दिवस बुडलाच होता. अंगणात कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. हर्षालीनं हातातल्या फोनकडे पाहिलं. तो तिच्या तळहातावर घुरघुरत होता, नवी उत्तरं येतच होती.

मग त्यांना तिच्या कानाखालचा डाग सापडला. शेवटच्या ओळीला ती मान उडवते ना, तिथे. कुणीतरी तेवढाच तुकडा थांबवून, मोठा करून, भोवती गोल काढून दाखवला. त्याखाली काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या मायनं मला तेवढं शिकवलं आहे. मग नानाचं खरं नाव आलं, गावाचं आलं, तिला जिथे प्रवेश घ्यायचा होता त्या कॉलेजचं आलं. नानाच्या फोनवर अनोळखी माणसं हसू लागली. त्यानं हर्षालीच्या हातातून फोन घेतला, कपाटात टाकला आणि म्हणाला, ‘आते बठ्ठं बंद.’ बठ्ठं म्हणजे सगळं. त्यात कॉलेजही आलं हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

आमच्या शाळेत पालकांचा मेळावा असतो. पाहुणे येतात, गळ्यात हार, हातात माइक. मुलांवर लक्ष ठेवा, मुलांशी बोला, मुलांच्या जवळ बसा. आया खाली मान घालून ऐकतात, बापांना कामं असतात. यंदा मी व्यासपीठावर बसून ते ऐकत होते आणि मला मंगल दिसत होती, पोरीच्या मागे ओट्यावर बसलेली. आणखी किती जवळ बसायचं? तिनं लक्ष ठेवलं नाही असं कुणी मला म्हणून दाखवावं. तिच्या आईनं, सासूनं, साऱ्या गावानं जे जे दिलं होतं ते तिनं पोरीला दिलं. नदीवरचं शहाणपण होतं ते, नदीवर कधी कमी पडलं नव्हतं. मला रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, पाहुण्यांचं भाषण फार चांगलं झालं.

तर यंदाची आखाजी. गेल्या वर्षी हर्षाली घराबाहेर पडलीच नव्हती. झोका बांधला तर त्याच्याकडे पाठ करून बसायची. घरात तिचा आवाज ऐकू येत नाही म्हणून नाना आता टीव्ही मोठ्यानं लावतो. यंदा मी मंगलला म्हटलं, पोरीला एकदा वाळूत आणू. एक शिवी जरी दिली तरी पुरे. तेवढी एक तोंडातून निघाली तर पुढचं सगळं निघेल, कॉलेज निघेल, हसू निघेल. मंगलनं देवीपुढे काही बोलून ठेवलं असावं.

हर्षाली आली. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे. नदीवर मला आठवते तशी गर्दी राहिलेली नाही. आमच्या काठावर मूठभर बाया आणि पलीकडे थोड्या पोरी. त्यांच्या मागे कुणी मोठी बाई दिसली नाही. एकदोघींनी फोन वर धरले होते. मंगलनं ते पाहिलं आणि धारेच्या कडेपर्यंत जाऊन हात जोडले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण फोन खाली गेले. चांगल्या पोरी होत्या.

मग त्यांनीच सुरुवात केली. त्यांच्यातली सगळ्यात ठेंगणी, झगमग झग्यातली एक पोर पाण्यात दोन पावलं आली, कंबरेवर हात ठेवले आणि हर्षालीकडे बोट करून ओरडली, ‘काय वं स्कार्फवाली, तुन्हा नवरदेव बकरीवर बशीसन उना का?’

आमच्या बाया हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी ऐकत होते, किती साधी, किती गोड शिवी. मंगल लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचे ओठ हर्षालीच्या कानाशी होते, उत्तर तयार होतं. हर्षालीनं स्कार्फ खाली ओढला. मला वाटलं, आता. ती एक पाऊल पुढे गेली, सरळ उभी राहिली, दोन्ही हात जोडले आणि अगदी स्पष्ट, पुस्तकी मराठीत म्हणाली, ‘माझ्या बोलण्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी सर्वांची मनापासून माफी मागते.’

हे वाक्य तिला नानानं पाठ करून घेतलं होतं. फोन बंद करण्याआधी त्यानं तिला भिंतीपुढे उभं करून, तिच्याकडून ते म्हणवून, जगाला पाठवलं होतं. मला हे तिथे वाळूत मंगलनं सांगितलं, दातांत पदर धरून.

पलीकडची ठेंगणी पोर घाबरली. तिनं मागे वळून पाहिलं, पण विचारायला मागे कुणी नव्हतं. त्या नदीत कुणी कधी माफी मागितली नव्हती.

मंगलनं लेकीचे जोडलेले हात सोडवले. जोर लावावा लागला तिला. ‘आठे कोनी माफी मांगत नही, माय,’ ती पायाखालच्या वाळूकडे बोट करून म्हणाली. ‘आठे फिरीसन देतस. दे ना वं. एक दे.’ हर्षालीचे ओठ हलले. तिनं खरंच प्रयत्न केला, मी शेजारी उभी होते, तिच्या गळ्याची शीर फुगलेली मी पाहिली. आवाज आला नाही. मंगल तिच्या कानात सांगत राहिली, एक नाही तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी, माझ्या मायच्या साऱ्या शिव्या तिनं एकेक करून लेकीच्या कानात ओतल्या. पलीकडच्या पोरी पाण्यात उभ्या राहून उत्तराची वाट पाहत होत्या. सूर्य बाभळींमागे जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी चुळा न भरताच आपली गौराई धारेत सोडली आणि घरी गेल्या.